वाढलेल्या मखमलीचं प्रकरण

सकाळी काचेची चौकट आली आणि निशाण तिच्यात बसेना.

सुतारानं ते आधी सरळ लावून पाहिलं, मग फिरवून पाहिलं. शेवटी त्यानं चौकट भिंतीला टेकवली, निशाण काउंटरवर पसरलं आणि दुकानताईकडे असं बघितलं, जणू तिनंच कापडाला खतपाणी घालून वाढवलं होतं.

"शंभर बाय सत्तर सांगितलंत, शंभर बाय सत्तर केली."

"माप बरोबर आहे. मीच घेतलंय."

"मग कापड वाढलंय," सुतार म्हणाला. "कापडाची गॅरंटी मी देत नाही." आणि तो चहाला गेला.

दुसऱ्या कुठल्या दुकानात यावर हसून कोणीतरी कात्री आणली असती. पण हे दुकान सर्व्हेअरांच्या संघटनेचं. 'तुमची भिंत शेजाऱ्याच्या जागेत वीतभर शिरलीय' हे लोकांना तोंडावर सांगून ज्यांचं पोट चालतं, त्यांच्याच घरात माप चुकलं. तेही दुकानाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. बातमी बाहेर गेली असती तर शहरातल्या प्रत्येक भिंतीनं पुन्हा मोजणी मागितली असती.

दुकान म्हणजे संघटनेच्या इमारतीतली तळमजल्यावरची एक लांबट खोली. एक काउंटर, एक काचेचं कपाट, एक शिडी. सभासदांनी यायचं आणि संघटनेचं बोधचिन्ह छापलेला टाय, मग, छत्री नाहीतर कीचेन घेऊन जायचं. ताई पूर्वी स्वतः मोजणीवर हिंडायची. गुडघ्यानं दगा दिला तशी ती इथं येऊन बसली आणि दुकान तिचं झालं. उद्याच्या समारंभासाठी तिनं दुकानाचा इतिहास लिहिला होता. रंगीत पुस्तिका, मुखपृष्ठावर निशाण.

इतिहास खरं म्हणजे फजित्यांचाच होता. छत्र्या आल्या त्यांच्यावर बोधचिन्ह आतल्या बाजूनं छापलेलं, म्हणजे छत्री कोणत्या संघटनेची हे फक्त छत्रीखालच्यालाच कळायचं. मगवरचा उत्तर दिशेचा बाण खाली, बशीकडे. कीचेनला खऱ्या पितळेचा ओळंबा लावला, तो इतका वजनदार की एका अधिवेशनात उपाध्यक्षांची पँट भाषण चालू असतानाच शास्त्रशुद्ध लंबरेषेत खाली गेली. एकदा मोजपट्ट्या आल्या, त्यांच्यावर सोळानंतर थेट अठरा. त्या सगळ्यात जास्त खपल्या. एकाही सभासदाची तक्रार आली नाही.

बोधचिन्हाची तऱ्हा तीच. तीन पायांचा स्टँड, त्यावर मोजणीची दुर्बीण, आणि दुर्बिणीच्या मागे एक उंचवटा. हा उंचवटा काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून दर स्मरणिकेत त्यावर एक लेख असायचा. एका अध्यक्षांनी तो उगवता सूर्य ठरवला, दुसऱ्यांनी पृथ्वीचा गोलावा. सध्याचे अध्यक्ष म्हणत, ते सभासदाचं विनम्र, वाकलेलं मस्तक आहे.

या सगळ्याचं मूळ म्हणजे हे निशाण. गर्द हिरव्या मखमलीवर पिवळ्या रेशमाचं भरतकाम, मागून अस्तर. पहिल्या अधिवेशनात साखळीकाकांनी एक टेबल मांडलं, त्यावरून हे निशाण सोडलं आणि दुकान सुरू झालं. मखमलीसाठी काकांनी हातातलं घड्याळ विकलं. बोधचिन्ह स्वतः काढलं. ही गोष्ट ताईनं त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती, की घड्याळाचा पट्टा काळा होता हेही तिला पाठ होतं.

साखळीकाका म्हणजे साखळीनं जमीन मोजायच्या जमान्यातले शेवटचे. ताईला टेप धरायला त्यांनीच शिकवलं. आता निवृत्त होऊन रोज दुकानात येऊन बसत. ताई दुपारी वरच्या मजल्यावर जेवायला जाई तेव्हा काका काउंटर सांभाळत, आणि एका कीचेनवर गिऱ्हाइकाला अर्धा तास इतिहास फुकट देत.

*

अर्ध्या तासात दुकानात जितके सर्व्हेअर तितके टेप जमले.

सचिवांनी लेझरचं नवं यंत्र आणलं होतं. त्यांनी ते निशाणाच्या एका कडेला ठेवलं. लाल ठिपका दुसऱ्या कडेवरून निसटून समोरच्या भिंतीवर गेला आणि यंत्रानं निशाणाची लांबी साडेचार मीटर सांगितली.

"बॅटरी उतरलीय," सचिव म्हणाले.

अध्यक्षांनी मोजलं नाही. अध्यक्ष झाल्यापासून ते फक्त फिती कापत.

तेवढ्यात काका आले. "सरका," म्हणाले आणि खिशातून जुना पोलादी टेप काढला. ताईनं न सांगता त्याचं दुसरं टोक धरलं.

"एकशे वीस," काका म्हणाले.

"एकशे दहा," ताई म्हणाली.

टेप आडवा झाला. "नव्वद."

"ऐंशी."

दोघांचं हे वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे ताईचा आकडा धरला.

"लांबीत दहा जास्त, रुंदीत दहा जास्त," अध्यक्ष म्हणाले. "मखमल दमट हवेनं वाढते का हो?"

"मखमल कशाला वाढेल," काका म्हणाले. "माप देताना चुकलं असेल. असू दे. पोर थकते हल्ली, गुडघ्याचं दुखणं आहे तिला. सांभाळून घ्या." आणि त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला.

ताईला बरं वाटलं. मग लगेच काहीतरी टोचलं. काका बाजू तिची घेत होते, पण चूक तिच्या पदरात घालून.

"मी चुकले नाही, काका."

"मी कुठं तसं म्हटलं? मी म्हटलं, सांभाळून घ्या."

निघताना कोणीतरी कोपऱ्यातल्या लांब कॅनव्हासच्या पिशवीला अडखळलं. काकांची जुनी मोजकाठी तीत होती, उद्याच्या प्रदर्शनासाठी दोन-तीन आठवड्यांपूर्वीच आणून ठेवलेली.

"हात लावू नका तिला," काका पटकन म्हणाले. "उद्या मी उघडणार. माझ्या हातानं."

कापडबाई आल्या त्या याच वेळी. त्या संग्रहालयात जुन्या कापडांवर उपचार करत. निशाणाचं अस्तर उसवून, आतली धूळ काढून मग ते काचेत बसवायचं, हे समितीत गेल्या महिन्यातच ठरलं होतं. ताईनं चौकटीचं माप घेतलं तेही त्याच दिवशी.

बाईंनी हातमोजे घातले, मखमल चिमटीत धरून चोळली, नाकाशी नेली.

"हे चहात कोणी बुडवलं?"

त्यांनी कापडाचा कोपरा उलटून पाहिला.

"नायलॉनची मखमल आहे. नवी. जुनी दिसावी म्हणून चहाचं पाणी दिलंय. साखर घातलेला चहा आहे, मुंग्या लागतील."

"म्हणजे हे निशाण..." अध्यक्ष म्हणाले.

"नक्कल आहे. खरं कुठं आहे ते मला विचारू नका."

दुकानात एवढी शांतता झाली की सगळ्यांचे टेप एकेक करून आपोआप गुंडाळल्याचा खट्ट आवाज ऐकू आला.

"दुकानाची चावी कोणाकडे असते?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्याकडे."

"आणखी कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही."

"मग ताई," अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले. वाईट बोलायचं असलं की त्यांचा आवाज मऊ व्हायचा. "संध्याकाळपर्यंत निशाण आणा. नाहीतर उद्या पुस्तिकेवर तुमचं नाव नसेल. आणि परवा या काउंटरमागे तुम्ही नसाल. पुढचं पोलीस बघतील."

ताईनं काकांकडे बघितलं. काका आपल्या बुटांकडे बघत होते.

*

ताईनं सचिवांना जिन्यात गाठलं. दुकान बंद करून सगळं फोनवर विकावं असं सचिवांचं मत होतं, आणि ते त्यांनी सगळ्यांना फोन करकरून सांगितलं होतं.

"मागच्या आठवड्यात तुम्ही दुकानातून एक लांब गुंडाळी काखेत मारून गेलात. काय होतं तीत?"

"प्लास्टिकचा बॅनर. 'दुकान नको, ॲप हवं.' सभेत लावायचा होता."

"लावलात?"

"लावला. बोधचिन्ह डोक्यावर उभं छापून आलं होतं. लोकांना वाटलं, मीच डोक्यावर पडलोय."

"भिंतीवरचं निशाण कधी मोजलं होतंत?"

"ताई," सचिव खिन्नपणे म्हणाले, "मी मोजलं असतं तर नक्कल साडेचार मीटरची झाली असती."

हे ताईला पटलं. तिनं सचिवांचं नाव मनातून खोडलं.

दुकानात कापडबाई नकलेवर भिंग धरून बसल्या होत्या.

"भरतकाम कसं आहे?" ताईनं विचारलं.

"सुंदर. मूळ चित्रावर पातळ कागद ठेवून गिरवून घेतलंय. आकार तंतोतंत असणार."

ताईनं आपला हात पसरून चिन्हावर ठेवला. स्टँडच्या पायापासून उंचवट्यापर्यंत बरोबर एक वीत. धूळ झटकताना तिचा हात त्यावरून कितीदा तरी फिरला होता, तेव्हाही एक वीतच भरायची. चित्र अचूक होतं. चुकलं होतं फक्त कापड.

"कापड ताणलं गेलं असं समजा. तर?"

"तर लांब बाजू जास्त वाढेल, आखूड बाजू कमी. आणि चित्रही ताणेल. हे दोन्हीकडून सारखंच वाढलंय, चित्राला धक्का नाही. ताणलेलं नाही हे. मुळातच मोठं कापलंय."

"म्हणजे ज्यानं चित्र गिरवलं त्यानं चूक केली नाही. ज्यानं मोजलं त्यानं केली."

"तुमच्या लोकांपैकी असेल तर नवलच," बाई म्हणाल्या. "मोजण्यात चुकणारा सर्व्हेअर."

ताई शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. दोन्हीकडे दहा. लांबीत दहा, रुंदीत दहा. अकरा नाही, नऊ नाही.

मग तिला उत्तर सापडलं. ते परत जिथं होतं तिथं ठेवून द्यावं असं तिला वाटलं.

बऱ्याच वेळानं ती उठून काकांपाशी गेली. काका काउंटरवर बसून एका गिऱ्हाइकाला छत्रीचा इतिहास सांगत होते. गिऱ्हाईक सुटल्यासारखं निघून गेलं.

"काका, निशाणाला अस्तर कोणी लावलं होतं?"

"मीच. पहिल्याच वर्षी. कसर लागू नये म्हणून."

"नंतर कधी उसवलं?"

"कशाला? पाठीमागे काय असतं, नुसते दोरे."

"बोधचिन्हाचं तुम्ही काढलेलं पहिलं चित्र कुठं आहे?"

"हरवलं. चाळीस वर्षं झाली, पोरी."

"आणि ते घड्याळ विकलंत, त्याचा पट्टा?"

"तपकिरी होता," काका म्हणाले. "छान कातडी."

ताईनं काउंटरवरची पुस्तिका उलटी घातली.

"माझी चौकशी करतेस काय गं?"

"इतिहासाची करतेय, काका," ताई म्हणाली.

*

ऊन कलल्यावर तिनं सगळ्यांना दुकानात बोलावलं. अध्यक्ष आले, सचिव आले, कापडबाई होत्याच. काकांना खुर्ची दिली. सुतार चहाहून परतला होता, तो न बोलावताच थांबला.

"सापडलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"आधी एक माप घ्यायचंय. काका, ही चौकट मोजता?"

"आता चौकट कशाला?"

"एकदाच. माझ्यासाठी."

काका हसले, उठले, टेप काढला. एकट्यानंच एका कडेला धरला, ताणून दुसऱ्या कडेला नेला.

"एकशे दहा."

ताई गप्प राहिली.

काका थांबले. आपण कशाची वाट बघतोय हे त्यांनाही कळत नसावं. "बोल की," ते म्हणाले.

"एकशे दहा कसं?" सुतार उसळला. "शंभर आहे ती. सकाळपासून तेच सांगतोय मी."

"शंभरच आहे," ताई म्हणाली. "पण काकांचाही टेप खोटं सांगत नाही. त्याचं दुसरं टोक बघा."

सगळे वाकले. चौकटीच्या कडेवर टेपचं शून्य नव्हतं. तिथं दहाचा आकडा होता, आणि टेपचा पहिला तुकडा कडेबाहेर लोंबत होता.

"टेपचं टोक सगळ्यात आधी झिजतं, वाकतं," ताई म्हणाली. "त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. दहाच्या खुणेपासून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. काकांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं ते हेच. तुम्ही सगळे यंत्रं वापरता. आता या इमारतीत असं मोजणारे दोघंच आहेत. काका आणि मी."

"मग तुम्हीही असू शकता की," सचिव म्हणाले.

"असू शकले असते. पण मी वजा करते. माझं कामच ते होतं. काका आकडा ओरडायचे, वजा मी करायची. सकाळी तुमच्यादेखत झालं. काका एकशे वीस म्हणाले, मी एकशे दहा म्हणाले. इतक्या वर्षांत काकांनी वजाबाकी कधी स्वतः केलीच नाही, मी असायचे ना. मी जेवायला वर गेले असताना त्यांनी शिडी लावून निशाण एकट्यानं मोजलं. शंभरचे एकशे दहा झाले, सत्तरचे ऐंशी. तेच आकडे त्यांनी भरतकामवाल्याला दिले. चित्र गिरवून नेलं, ते अचूक आलं. कापड मापानं कापलं, ते दहानं वाढलं. कापड असं वाढत नाही. सर्व्हेअर असा चुकतो."

"पण चावी?" अध्यक्षांनी विचारलं.

"चावी माझ्याकडेच होती. मी जेवायला जाताना दुकान बंदच करत नव्हते. काका बसलेले असायचे. सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते आठवलंसुद्धा नाही. घरचं माणूस कोण धरतं हिशेबात?"

काका खुर्चीत ताठ झाले. "पुरे. निशाण मीच आणलं, मी कशाला चोरू ते?"

"तुम्हाला निशाण नकोच होतं. तुम्हाला अस्तर उसवायला नको होतं. समितीत ते ठरेपर्यंत चाळीस वर्षं ते भिंतीवर सुखानं होतं." ताई कोपऱ्याकडे वळली. "घरी नेलं नसणार. काकू गाद्यांच्या खोळीसुद्धा काढून बघते. टाकून द्यायला तुमचा जीव झाला नसणार. मग उरली ती जागा, जिला हात लावायचा नाही असं तुम्ही सगळ्यांना बजावलंत."

"पोरी, नको," काका म्हणाले.

तिनं पिशवीची दोरी सोडली. मोजकाठीभोवती घट्ट गुंडाळलेली हिरवी मखमल बाहेर आली.

सुतारानं ती तिच्या हातातून घेतली, झटकली आणि चौकटीत धरली. "बसलं," तो म्हणाला. त्या खोलीत आनंद झालेला तो एकटाच.

कापडबाईंनी अस्तराचे टाके उसवले. दिवा जवळ घेतला, भिंग घेतलं. एकेक टाका तपासला.

"हे दोनदा भरलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "वरचा धागा घाईचा, कच्च्या हाताचा. खालचा सुरेख. स्टँडचे तीन पाय आहेत तसे जुनेच आहेत. दुर्बीण मात्र नंतर चढवलीय. तिच्या खाली..." त्यांनी बोट फिरवलं. "हा भाता. भात्याचा कॅमेरा आहे हा. आणि मागचा उंचवटा म्हणजे फोटोवाला डोक्यावर घेतो ते काळं फडकं. खाली उसवलेल्या अक्षरांची भोकं दिसतात. छा, या, चि... छायाचित्रकार मंडळ."

अध्यक्षांचा हात आपोआप स्वतःच्या टायवर गेला. विनम्र मस्तक बोटांखाली होतं. त्यांनी हात काढून घेतला.

काका एकदम म्हातारे दिसायला लागले.

"वरच्या मजल्यावर त्यांचं मंडळ होतं," ते म्हणाले. "माझा मित्र त्यांचं दुकान चालवायचा. टाय, बिल्ले, मग, सगळी कल्पना त्याची. मंडळात भांडणं झाली, फुटलं. त्यानं सामान माझ्याकडे ठेवायला दिलं. म्हणाला, पुन्हा जमलो की नेईन. तेवढ्यात आपलं पहिलं अधिवेशन आलं. तीन पाय तर तेच होते. म्हटलं, वरचं तेवढं बदलू."

"आणि घड्याळ?" ताईनं विचारलं.

"घड्याळ नव्हतंच."

ताईला पुस्तिकेचं पहिलं पान डोळ्यांसमोर दिसलं. ते घड्याळ तिनं किती प्रेमानं लिहिलं होतं.

"तुम्ही मला चोर ठरवू दिलंत, काका."

"मी सांगितलं ना त्यांना, सांभाळून घ्या म्हणून."

"चुकली म्हणून सांभाळून घ्या म्हणालात. मी चुकले नव्हते हे जगात एकट्या तुम्हाला माहीत होतं."

काकांनी टेपशी चाळा केला. "तू सोबत असतीस तर ते दहा राहिले नसते," ते पुटपुटले.

"सांगितलं असतंत तर मी वजा केले असते," ताई म्हणाली. "कशासाठी, तेही विचारलं नसतं."

*

पहिल्यांदा सावरले ते अध्यक्ष. आवाज मऊ झाला होता.

"हे बघा, सरळ बाजू पुढे ठेवायची. अस्तर परत शिवून टाकायचं. पुस्तिका छापून झालीय, पाहुणे येणार आहेत. मागच्या बाजूचं लोकांना काय करायचंय? आणि ताई, तुमच्यावर संशय आला होता, ते आम्ही विसरायला तयार आहोत."

"ॲपमध्ये तर मागची बाजू दिसतच नाही," सचिव म्हणाले.

ताईनं दोघांकडे बघितलं. इतकी वर्षं हे लोक तिला आपले वाटत होते.

"तो मित्र आहे का अजून?" तिनं काकांना विचारलं.

काकांनी खिडकीकडे मान केली. "समोर."

रस्त्यापलीकडे फोटो स्टुडिओ होता. संघटनेचा प्रत्येक सभासद ओळखपत्राचा फोटो तिथंच काढून घ्यायचा.

ताईनं निशाण चौकटीतून काढलं आणि घडी घातली.

"ती संघटनेची मालमत्ता आहे," अध्यक्ष म्हणाले.

"तुमच्याकडे नक्कल आहे ना. तिला मोठी चौकट करून घ्या."

"उद्या सकाळपर्यंत देतो," सुतार म्हणाला.

ती लंगडत रस्ता ओलांडून गेली. स्टुडिओत एक म्हातारा स्टुलावर बसून भिंग पुसत होता. तिनं काही न बोलता मखमल त्याच्यासमोर पसरली. त्यानं चष्मा चढवला. बोटं आधी तीन पायांवरून फिरली.

"हे माझ्या बायकोनं भरलंय," तो म्हणाला. मग दुर्बिणीवर बोट टेकवलं. "हे वरचं कोणी केलं? फारच घाई झालेली दिसते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुमच्या लोकांचे फोटो मीच काढतो. टाय सरळ करा, म्हणून प्रत्येकाला सांगतो. लेन्समधून तीन पाय चांगले ओळखू येतात."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"ठेवायला दिलं होतं त्याच्याकडे. ठेवलंय तर खरं, म्हटलं. मित्र होता. एक दिवस येईल आणि आपण होऊन सांगेल." त्यानं तिच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. "तो आलाय का बरोबर?"

ताई वळली. पलीकडे दुकानाच्या पायरीवर काका उभे होते. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. ते बराच वेळ तसेच उभे राहिले आणि मग आत गेले.

"नाही," ताई म्हणाली. "येतीलसं वाटत नाही."

"बरं," म्हातारा म्हणाला. "मग ते दार तेवढं लावून घे."